शिशाचे स्वार

माझे वडील जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आम्ही मूळचे सांगलीकडचे. नोकरीमुळे आप्पा इकडे आले आणि सोडाला नावाच्या वस्तीच्या बाजूला एका भाड्याच्या घरात आम्ही राहू लागलो. तेव्हा जागिरी नुकत्याच गेल्या होत्या आणि मोठ्या हवेल्यांतलं सामान बाजारात येत होतं. जुन्या सामानाच्या अशाच एका दुकानात आप्पांना शिशाचे विलायती सैनिक मिळाले. लाल कोटातले शिपाई, फेटेवाले भालाईत, घोड्यावर बसलेला बिगुलवाला. कुणा ठाकुराच्या मुलाची ती खेळणी असावीत, पण आप्पांनी त्यांना कधी खेळणी म्हटलं नाही.

सैनिक उचलायचा तो पायाखालच्या पट्टीला धरून. रंगाला बोट लावायचं नाही, कारण हाताच्या घामाने रंग सुटतो. एवढं शिकल्यावरच मला त्यांना हात लावायची परवानगी मिळाली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. आप्पांनी ते लाकडी कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापूस घालून ठेवले होते. पावसाळ्याची दमट हवा आली की घोड्यांच्या पोटाखाली, शिपायांच्या बुटांवर पांढरी भुकटी धरायची. मग रविवारी सकाळी आप्पा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसत आणि खारीच्या केसांच्या बारीक ब्रशने ती झाडून काढत. जिथे रंग उडालेला असे तिथे नवा रंग भरत. इतर वेळी चिडखोर असलेला हा माणूस त्या कामात अगदी शांत असायचा.

माझी धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची होती. ती त्यांच्या मांडीला टेकून बसायची. तिने कागदावर हात फिरवला तर आप्पा हसून तिचा हात बाजूला करत. एक बिनमुंडक्याचा घोडा त्यांनी तिला देऊनच टाकला होता. ती तो तोंडात धरून घरभर फिरे. दात येतायत, असं आम्ही म्हणत होतो.

हिवाळ्यात ती जेवेनाशी झाली. पोट धरून रडायची. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. तिचा चेहरा मेणासारखा पांढरा पडला. नुकती वाक्यं बोलायला लागली होती, ती पुन्हा एकेका शब्दावर आली आणि मग तेही थांबलं. एका सकाळी आईच्या कडेवरच तिला झटका आला.

हॉस्पिटलात एक नागपूरकडचे मराठी डॉक्टर होते. त्यांनी तिच्या पायांचे एक्स-रे काढले आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. गुडघ्यापाशी हाडात पांढरे पट्टे दिसत होते.

"प्रोफेसरसाहेब, हे शिसं आहे," ते म्हणाले. "मुलगी घरात काय चाटते?"

आप्पा फिल्मकडे पाहत राहिले. आईनेच सांगितलं, "ह्यांचे शिशाचे सैनिक आहेत. हे त्यांच्यावरची भुकटी झाडतात तेव्हा ती जवळच बसते."

"अहो, पण ती भुकटी..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

"विषारी असते," आप्पा म्हणाले. "चवीला गोडसर लागते, म्हणून मुलं चाटतात. मी हे दर वर्षी वर्गात शिकवतो."

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

इंजेक्शनं दिल्लीहून मागवावी लागली. बहीण वाचली. पण घरी आली तेव्हा तिचं मनगट लोंबत होतं आणि हाक मारली तरी ती वळत नव्हती.

आप्पांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते सैनिक मागितले. त्यांना असले सैनिक जमवायची आवड होती. आप्पा देणारही होते. आईने नाही म्हटलं.

"त्यांच्याही घरात नातवंडं आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या घरी ते जायचे नाहीत."

शेवटी आप्पांनी ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले आणि काचेच्या कपाटात कुलपात ठेवले. काही महिन्यांनी जेवताना आईने विचारलं, "तुम्ही अजून ते साफ करता?"

"नाही केले तर त्यांची माती होईल," आप्पा म्हणाले.

आई पानावरून उठली. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. मला तेव्हा आप्पांचा फार राग आला होता. आज येतो का, ते मला नीट सांगता येत नाही. ते वाईट नव्हते. जी एक गोष्ट त्यांना सांभाळता येत होती ती त्यांनी सोडली नाही, इतकंच.

साठ सालानंतर बहिणीला शाळेत घालून पाहिलं, पण तिथे तिचा निभाव लागला नाही. मग आप्पा रोज संध्याकाळी पाटी घेऊन तिच्याशेजारी बसू लागले. तिचं मनगट आपल्या हातात धरून ते अक्षर गिरवून घेत. 'ग' यायला तिला एक अख्खा उन्हाळा लागला. आला तेव्हा तिने तो पाटीभर काढला, आणि आप्पा उठून मागच्या अंगणात गेले. आई त्यांच्यामागे पाणी घेऊन गेली. बऱ्याच वेळाने दोघं आत आले. आईने पाटी पुसली आणि म्हणाली, "आता 'म' घ्या."