एवजी मास्तर

माझ्याच शाळेच्या दारात मी भुजंगरावाच्या चपला धरून उभा होतो. दोन्ही हातांनी, छातीशी. खाली ठेवायच्या नाहीत असा हुकूम होता. धूळ लागते म्हणे.

आत खुर्चीवर भुजंगराव. खुर्ची सकाळीच त्याच्या घरून आली होती. ती ठेवायच्या आधी गड्यानं जमिनीवर गोमूत्र शिंपडलं. जिथं रोज माझी पोरं मांडी घालून बसतात त्याच जमिनीवर. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. खुर्चीला आपला धक्का लागू नये म्हणून. तेवढं अंतर ठेवायला मीच त्यांना आदल्या दिवशी शिकवलं होतं.

निजामाचं राज्य. शाळेला मदरसा म्हणायचं, मास्तराला मुदर्रिस आणि तपासणीला मुआयना. तेरच्या अलीकडं आमचं गाव. महारवाड्याला लागून सरकारनं आमच्या जातीच्या पोरांसाठी एक मदरसा काढला होता. त्याचा मुदर्रिस कागदावर भुजंगराव. आमची सावली पडली तर आंघोळ करणारा माणूस आमच्या लेकरांचा मास्तर. हसू नका. सरकारी कागदावर तसंच होतं.

तपासायला धाराशिवाहून मोठे साहेब टांग्यातून आले होते. शेरवानी, हातात छडी. त्यांनी एखादं पोरगं वाचायला उभं करा म्हणून सांगितलं. भुजंगरावाला एकाचंही नाव माहीत नव्हतं. त्यानं बोट केलं, "ए, तू." गोदी पुढं आली. नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यात हुशार. तिनं खडाखडा वाचलं. मग मणी मांडून बेरीज केली. पाऊस पडून गेला की आमच्याकडं पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडातून जुने मणी वर येतात. पाटी-पेन्सिलीची ऐपत नव्हती, मणी फुकट होते. म्हणून मी मण्यांवर हिशेब शिकवायचो. साहेब खूश झाले. तिला विचारलं, "तुमकू कौन पढाता?"

गोदीनं दाराकडं बघितलं. माझ्याकडं. एवढंसंच. मग मान वळवून लांबूनच खुर्चीकडं हात केला.

"मालक शिकिवत्यात," ती म्हणाली.

ते वाक्यही माझंच. आठ दिवस मी ते पोरांकडून घोकून घेतलं होतं. पाढ्यांसारखं.

साहेबांची नजर माझ्यावर आली. हा कोण, म्हणून त्यांनी भुवई उचलली. भुजंगराव बसल्या जागेवरून म्हणाला, "ये? जूते संभालता हमारे." एकही पोर हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी खाली बघितलं. मी शिकवलेलं नसताना खाली बघितलं.

मग साहेबांनी आपल्या कागदावर शेरा लिहिला आणि त्याखाली भुजंगरावाची सही घेतली. त्यानं जीभ दातांत धरून उर्दूत नाव काढलं. वाकडं, थरथरतं. साहेबांनी हजेरीचं बुक उघडलं. तिथं आठ महिन्यांच्या सह्या होत्या, एकीसारखी दुसरी, सरळ आणि वळणदार. ते एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. मग त्यांनी चपला धरलेल्या माझ्या बोटांकडं बघितलं. दुसऱ्या पेरापर्यंत शाई होती. मला वाटलं, झालं, आता विचारतील. मी बोटं लपवली नाहीत. भीतीनं का आशेनं, आजही सांगता येत नाही.

साहेबांनी बुक मिटलं. जेवण भुजंगरावाकडं होतं. उशीर होतोय म्हणाले आणि निघाले.

टांगा गेला, धूळ बसली. गोदी पळत माझ्याकडं आली. तोंडावर नुसता आनंद.

"बरुबर म्हणलं का न्हाय म्या, मास्तर?"

शाबासकीसाठी उभी होती पोरगी. मी "व्हय" म्हणालो. चपला तेव्हाही माझ्या हातातच होत्या, भुजंगराव साहेबांमागं घाईत अनवाणीच टांग्यात चढला होता आणि त्या पोचवायला मला त्याच्या घरी जायचं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पाणवठ्यावरून हाकललं तेव्हा नाही, बोर्डिंगात ताट वेगळं ठेवलं तेव्हाही नाही. तिथं लाज दुसऱ्यांनी आणली होती. इथं एका लेकराला खोटं बोलायला मी शिकवलं होतं आणि ते चांगलं शिकवलं होतं.

मी मॅट्रिक. औरंगाबादेत बोर्डिंगात राहून झालो. पंचक्रोशीत आमच्या जातीत पहिला. मदरसा निघाला तेव्हा अर्ज केला. जागा भुजंगरावाला मिळाली. त्याचा थोरला भाऊ गावचा वतनदार, आणि हा दोनदा मिडल नापास. पण आमच्या वस्तीत येऊन बसणार कोण? त्यानं मला बोलावलं आणि एवजी ठेवलं. एवजी म्हणजे बदलीचा माणूस. नाव त्याचं, काम माझं. आमच्या भागात हे नवीन नव्हतं. चौकीदाराचा एवजी, शिपायाचा एवजी, तसा मास्तराचा एवजी. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

तनखा पंधरा हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यात. तो तहसिलीत जाऊन आणायचा. मला चार द्यायचा, वरून टाकून, ओसरीच्या पायरीवर. वर म्हणायचा, घरातल्या गड्याला तीनच देतो. पण माझा जीव पैशात नव्हता. त्यानं शब्द दिला होता की एक मुआयना नीट पार पडू दे, मग नायब, म्हणजे दुय्यम मुदर्रिस म्हणून तुझं नाव लावतो. माझं नाव. सरकारी बुकात, शाईनं. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही.

रोज हजेरीत मुदर्रिसची सही लागायची. त्यानं मला कागदावर आपलं नाव उर्दूत काढून दिलं. मी ते घरी बसून गिरवलं. त्याच्या अक्षरापेक्षा माझं चांगलं आलं. खरं सांगतो, मला त्यात मौज वाटायची. शेवटच्या अक्षराची शेपटी मी अशी वळवायचो की बघत राहावं. दुसऱ्याचं नाव मी माझ्या हातानं सजवत होतो. एवढा शिकलेला गाढव दुसरा नसेल.

चपला पोचवायला गेलो तेव्हा साहेब जेवून निघून गेले होते. भुजंगराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मी खाली अंगणात उभा राहिलो. त्याला नावाची आठवण दिली. त्यानं अडकित्ता थांबवला नाही. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी इतका भ्यालो नसतो.

"नाव लावायचं? कसलं नाव? आठ महिने सरकारी बुकात खोटी सही कुनी केली? म्या? माझी सही आज साहेबांनी बघितली की. बुकातली माझी न्हायच."

सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

"जेलात जातोस का गप शिकिवतोस, तुझं तू बघ. आन् चार न्हाय, आता तीन."

मी जोहार घालून परतलो. हो, जोहार घातला. हात आपोआप गेले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली भुजंगरावाचा गडी येऊन बसू लागला. कुऱ्हाड बाजूला टेकवलेली. काही बोलायचा नाही, तंबाखू मळायचा आणि माझ्याकडं बघत राहायचा. पोरं पाढे हळू आवाजात म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी मायला निरोप आला की यंदा खळ्यावर यायचं नाही. म्हणजे वर्षाचा दाणा गेला. चौथ्या दिवशी आमची शेळी गोठ्याबाहेर मरून पडलेली दिसली. अंगावर जखम नव्हती.  वस्तीतले लोक आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून जायला लागले.

मायनं भाकरी बांधल्या. सोलापूरला जा म्हणाली. तिकडं इंग्रजाची हद्द, गिरणीत काम मिळतं, ह्यांचा हात पोचत नाही. ती बरोबरच सांगत होती. मी फडकं उचललं देखील. पण डोक्यातून एक वाक्य जाईना. बरुबर म्हणलं का न्हाय म्या, मास्तर? मी गेलो तर ही पोरगी जन्मभर तेच बरोबर समजणार. उद्या भुजंगराव दुसरा एवजी आणील, आमच्यातलाच, आणि तोही हेच घोकून घेईल.

मी फडकं ठेवलं. माय कपाळाला हात लावून बसली. तिला मी काही समजावलं नाही. तिचं भ्यायचं बरोबर होतं.

सकाळी शाळा भरली. लिंबाखाली गडी होताच. मी दार उघडं ठेवलं, त्याला ऐकू जावं म्हणून. पोरांना विचारलं, तुम्हाला कोण शिकवतं? सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, मालक शिकिवत्यात. गोदीचा आवाज सगळ्यात मोठा.

मी म्हणालो, "चूक. हे म्या तुमाला चुकीचं शिकिवलं. मी शिकिवतो."

गोदीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण नापास झालो असं वाटलं तिला. मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं की चूक तिची नव्हती, मास्तराची होती, मास्तरही चुकतो. मग परत विचारलं. पहिल्यांदा दोघं-तिघं बोलले, मग सगळी. बाहेर गडी उठला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि गावाकडं चालू लागला. पळाला नाही. सावकाश गेला. 

त्याच पावली मी हजेरीचं बुक धोतराच्या सोग्यात बांधलं आणि शेतातनं आडवाटेनं धाराशिव गाठलं. अर्ज रात्रीच घरी लिहून ठेवला होता. त्यात भुजंगरावाबद्दलचं रडगाणं थोडं आणि माझं कबूल करणंच जास्त. ह्या बुकातल्या सगळ्या सह्या मी केल्या. तुमच्याकडच्या मुआयन्याच्या शेऱ्याखालची एक फक्त भुजंगरावाची, ती ह्यांना लावून बघा. पोरांना मी शिकवलं, तेही विचारून बघा.

कचेरीतल्या कारकुनानं उभ्या उभ्या वाचलं. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. दाराकडं बघून त्यानं कागद माझ्याकडं सरकवला.

"वापस घे बाबा. ह्याच्यात पयला तूच जाशील. त्यांचं काय होईल न्हाय होईल, अल्ला जाने."

मी कागदाला हात लावला नाही.

"पयला मला जाऊ द्या. पर कागद ऱ्हाऊ द्या."

त्यानं कागद परत आपल्याकडं ओढला. मग शिक्का मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तेरचा रस्ता मोकळा होता आणि त्या रस्त्यानं गावात कोण वाट बघत बसलंय ते मला माहीत होतं. येताना आडवाटेनं आलो होतो. जाताना सडकेनं निघालो.

चालताना मनात एवढंच होतं: उद्या शाळा भरेल. बुक कचेरीत राहिलं, पण पोरांची नावं मला पाठ आहेत. हजेरी मी घेईन. गोदीला पुढची बेरीज द्यायची आहे, हातच्याची. लिंबाखाली एक बसो नाहीतर दहा. धरून नेलं तर नेलं. जेलच्या बुकातही आधी नावच विचारतात. तिथं मी माझंच सांगेन, आणि सही माझ्या नावाची करीन.