मोडीत न निघणारी इंजिनं

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या डिझेल इंजिनांच्या एका क्लासने, म्हणजे एकाच बनावटीच्या ताफ्याने, माझ्या संसाराची जेवढी वाट लावली, तेवढी माझ्या कुठल्याही नातेवाइकाला जमली नाही. आणि यातलं एकही इंजिन मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी होतो इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला, एका काचेच्या ऑफिसात, प्रिंटरशेजारच्या टेबलावर.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमची कंपनी रेल्वेच्या वर्कशॉपसाठी सॉफ्टवेअर करायची. कुठलं इंजिन तपासणीला कधी आणायचं, कुणाचं तेल कधी बदलायचं, कुणाची चाकं कधी तासायची, याचं वेळापत्रक ते सॉफ्टवेअर लावायचं. इंग्लंडमध्ये ते बरं चाललं म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका मालवाहतूक कंपनीनं ते विकत घेतलं, आणि त्यांच्या इंजिनांची माहिती त्यात भरायला पुण्याहून मला बोलावलं गेलं. काम तीन महिन्यांचं. कंपनीचा नियम असा, की पोस्टिंग वर्षभराचं किंवा त्याहून मोठं असेल तर बायकामुलांचा व्हिसा, तिकिटं, घर, सगळं मिळणार. त्याहून कमी असेल तर एकट्याने जायचं आणि एकट्याने यायचं. माझी मुलगी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. बायको म्हणाली, "जाऊन ये. तीन महिने काय, असे जातात."

गेल्यावर पहिल्याच बैठकीत ऑस्ट्रेलियाच्या माणसांनी सांगितलं की, अमुक एक क्लास तुमच्या सिस्टिममध्ये घेऊच नका. ती इंजिनं साठच्या दशकातली, आता मोडीतच काढायची आहेत, कशाला उगाच त्रास? क्लासचा नंबर मी इथे देत नाही, ओळखणारे ओळखतील. मला बरंच वाटलं. तेवढंच काम कमी. तेव्हा ठरलं असं, की नवी इंजिनं नव्या सिस्टिममध्ये जातील, आणि हा क्लास मोडीत निघेपर्यंत जुन्या सिस्टिममध्ये राहील. मधल्या काळात दोन्हींचा मेळ घालायला एक माणूस लागेल. तो माणूस मी.

मोडीत काढणं दोन महिन्यांवर आलं होतं. मग ते आणखी दोन महिने पुढे गेलं. मग आणखी दोन.

दर वेळी माझा इंग्रज मॅनेजर मला चहाच्या मशीनपाशी गाठायचा आणि फार मोठी मेहेरबानी केल्यासारखं सांगायचा की तुझं एक्स्टेन्शन झालं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कधी कुणाला नाही म्हणता यायचं नाही, ना गिऱ्हाइकाला, ना वरच्याला. मी त्याला म्हणायचो, एकदाच वर्षाचं करून टाका, म्हणजे मला फॅमिली आणता येईल. तो म्हणायचा, वर्षाचं कसं करणार, ती इंजिनं तर दोन महिन्यांत जाणार आहेत ना?

म्हणजे इंजिनं गेली तर मी सुटून घरी. इंजिनं कायमची राहिली तर माझं पोस्टिंग मोठं, बायको-मुलगी इकडे. दोन्हींत आम्ही तिघं एका घरात. पण इंजिनं धड जातही नव्हती आणि धड राहतही नव्हती. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना एवढा दमलो नव्हतो.

ती का जात नाहीत हे मला तिथल्या डेपोच्या प्लॅनरकडून कळलं. त्याचा आणि माझा फोन सकाळी व्हायचा. माझ्या हातात ऑफिसचा पहिला चहा असायचा, आणि त्याचा दिवस संपलेला असायचा. कायम खुशीत. इतका खुशीत, की मला त्याचा राग यायचा. तो मला "मेट", म्हणजे दोस्त, म्हणायचा. "मेट, ती म्हातारी अजून पळतायत." एके काळी त्या इंजिनांनी पॅसेंजर गाड्या ओढल्या, मग मालगाड्या, मग यार्डात डबे इकडून तिकडे ढकलले. मालक बदलले तसे रंग बदलले, एकावर एक. नवी, दणकट इंजिनं आल्यावर त्यांना डेपोच्या मागे गवतात उभं केलं, आणि एकाचं काही बिघडलं की दुसऱ्याचं काढून त्याला लावायला सुरुवात झाली. एवढं होऊनही ती हवीशी होती, कारण गव्हाच्या कोठारांपर्यंत जाणारे आडमार्गाचे रूळ हलके होते. नवी इंजिनं त्यांवर घातली तर रूळ खचले असते. हलकी अशी फक्त हीच उरली होती.

हे सगळं तो कौतुकाने सांगायचा. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बाबा रे, तुला त्यांचं कौतुक आहे, पण माझं भिजत घोंगडं आहे त्याचं काय? त्याने मला फोटोही पाठवले होते. लाल माती, उंच कोठार, कोठारावर पांढऱ्या काकाकुव्यांची रांग, आणि खाली ते रंग उडालेलं, बसक्या नाकाचं इंजिन. मी ते फोटो बायकोला पाठवले. तिने उलट लिहिलं, "ही का माझी सवत?"

ती पुण्याला एका शाळेत शिकवायची. माझं पहिलं एक्स्टेन्शन झालं तेव्हा, आता वर्षाचं होणारच असं धरून, तिने बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगून ठेवलं की मी बहुधा जूनमध्ये जाईन. जून गेला. मग म्हणाली दिवाळीनंतर. बाई तिच्या जागी तात्पुरती शिक्षिका बघायच्या, मग तिला नको म्हणून सांगायच्या. बायको फोनवर म्हणायची, "अरे, मला आता बाईंच्या केबिनमध्ये जायची लाज वाटते. काहीतरी एक नक्की सांग ना." मी सांगायचो, "दोन महिन्यांत नक्की." मला स्वतःला तसंच वाटत होतं.

अखेर दुसऱ्या वर्षी ठरलं. तो क्लास नाताळच्या दोन दिवस आधी बंद, जुनी सिस्टिम त्याच दिवशी बंद, आणि मी जानेवारीत घरी. तारीख आम्हीच सुचवली होती. मॅनेजर म्हणाला, डिसेंबरचा शेवट म्हणजे शांतता, कुणी कामावर नसतं, बदल करायला याहून बरी वेळ नाही. मलाही ते पटलं. गिऱ्हाइकाच्या शहरातल्या ऑफिसला विचारलं, तर तेही नाताळला कुलूप लावून जाणार होते, ते खुशीने हो म्हणाले. डेपोला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गव्हाच्या रेल्वेचं वेळापत्रक करणारे आम्ही लोक, पण गहू कधी कापतात हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मॅनेजरच्या डोक्यात ब्रॅकनेलच्या आसपासचा, बर्कशरचा गहू, तो ऑगस्टमध्ये कापतात. माझ्या डोक्यात आपल्याकडचा, होळीच्या आसपासचा. डिसेंबर दोन्ही हिशेबांनी मोकळा. ऑस्ट्रेलियात तेव्हा भर उन्हाळा असतो हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, नाताळला ते लोक समुद्रावर जातात म्हणून आम्ही थट्टाही केली होती. पण उन्हाळा आणि गहू या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात एवढी अक्कल काही कुणी चालवली नाही.

नाताळच्या सुट्टीत ब्रॅकनेलच्या माझ्या खोलीवर बसलो होतो, बॅग अर्धी भरलेली, आणि प्लॅनरचा फोन आला. पहिल्यांदाच तो खुशीत नव्हता. त्या वर्षी पीक उदंड आलं होतं. गवतात उभी असलेली इंजिनंसुद्धा बाहेर काढून, धुऊन-पुसून जोडली होती, आणि आमच्या सिस्टिमच्या लेखी ती इंजिनं जगातच नव्हती. सिस्टिममध्ये नाव नाही म्हणून तपासणीचा हुकूम निघत नव्हता, आणि तपासणीशिवाय इंजिन डेपोबाहेर न्यायची परवानगी नव्हती. कोठारं भरून वाहत होती, शेतकरी ट्रक घेऊन रांगेत उभे होते, आणि इंजिनं सुरू करून जागच्या जागी धडधडत ठेवली होती. तो म्हणाला, "मेट, डिसेंबरमध्ये आमची इंजिनं बंद करायची, हे तिकडे कुणाला सुचलं?"

मी फोन ठेवला. मग मॅनेजरला फोन केला. तो बायकोच्या माहेरी टर्की कापत होता. मग ऑफिस उघडून घेतलं आणि हीटिंग बंद असलेल्या त्या काचेच्या पेटीत कोट घालून बसून तो अख्खा क्लास, एकेक इंजिन, हाताने आत भरला. ज्यांना घेऊ नका म्हणून पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तीच सगळी. तिकीट अर्थातच रद्द. एवढा संताप मला आयुष्यात फार कमी वेळा आला आहे, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. इंजिनांवर काय रागावणार? ती बिचारी चालत होती.

बायकोला सांगितलं तर ती चिडलीही नाही. फक्त म्हणाली, "बरं. स्वेटर घाल." ती चिडली नाही याचं मला खरं तर तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं.

हंगाम संपल्यावर ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या लोकांना एकदाचा साक्षात्कार झाला. आडमार्गाचे रूळ आहेत तोवर हा क्लास ठेवायचा, आणि रूळ तर अजून बरीच वर्षं बदलायचे नव्हते. इंजिनं कायम झाली. मॅनेजर या वेळी मला चहाच्या मशीनपाशी नाही, आपल्या केबिनमध्ये घेऊन गेला. दोन वर्षांचं पोस्टिंग. कुटुंबाचा व्हिसा. घर. म्हणाला, "हेच मागत होतास ना? काँग्रॅच्युलेशन्स."

मी जेवणाच्या सुट्टीत कार पार्कमध्ये जाऊन कॉलिंग कार्डाने घरी फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. शाळा कुठली, घर कसलं बघायचं, लंडनमध्ये ईलिंगला आपलं वाणसामान कसं सगळं मिळतं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी शाळेत कायम झाले रे."

"कधी?"

"दिवाळीत. बाई म्हणाल्या, एक तर राजीनामा दे, नाहीतर ऑर्डर घे. मी ऑर्डर घेतली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार? तू म्हणाला असतास, दोन महिने थांब. पिल्लूलापण इथलीच शाळा घेतली मी. तिच्या मैत्रिणी आहेत इथे. दर वेळी तिला सांगायचं, आपण बाबांकडे जाणार, आणि मग नाही जायचं. मी नाही करू शकत ते परत."

मी भांडलो. मी म्हणालो, ज्याच्यासाठी एवढं सोसलं ते हातात आलंय आणि तू आता नाही म्हणतेस. ती म्हणाली, "मी नाही म्हणत नाहीये. माझं होऊन गेलंय." कार्डावरचे पैसे संपले आणि फोन कट झाला. नवीन कार्ड आणायला मी त्या दिवशी गेलो नाही.

पोस्टिंग मी घेतलं. पुण्याचं नवं घर बुक केलं होतं, हप्ते होते, पुण्यात माझी जागा केव्हाच दुसऱ्याला दिली होती. कारणं होतीच. कंपनीने दोन बेडरूमचं घर दिलं, मागे छोटं गार्डन. वर छोट्या खोलीत मी मुलीसाठी पलंग घेतला, चित्रांची चादर घेतली.

मेमध्ये त्या दोघी आल्या. शाळेची सुट्टी संपेपर्यंत राहणार होत्या. मुलगी मधल्या काळात बरीच उंच झाली होती. पहिल्या दिवशी ती घरभर हिंडली, पलंगावर उड्या मारल्या, पडदे उघडून पाहिले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. ती दारात येऊन थांबली, एका पायावर, हात मागे घेऊन. आपल्याला दुसऱ्यांकडे गेल्यावर जसं वागायला शिकवतात, अगदी तसं.

"बाबा," तिने विचारलं, "मी तुमच्या फ्रिजमधलं पाणी घेऊ का?"

मी घे म्हणालो. आणखी काय म्हणणार?