वसंताच्या गाडीचा फिल्टर

मृणालचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका जीपच्या डॅशबोर्डखाली कोपरापर्यंत अडकलेले होते. फोन टेबलावर वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला. सकाळी त्या वेळेला मृणाल खालापूरच्या वाटेवर असते, ती कधी फोन करत नाही, हे मला माहीत होतं. आणि म्हणूनच हात बाहेर काढायला मी उगाच वेळ लावला. फोन घेत नाही तोवर वसंता आहे, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, "बरं." पन्नास वर्षांच्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून माझ्या तोंडून हा शब्द निघाला! आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्याला आता पाच आठवडे होतील. मृणाल ही वसंताची एकुलती एक मुलगी, बापासारखीच मास्तरीण. हा लेख मी लिहावा हे तिचंच म्हणणं. "बाबांच्या शाळेतले लोक गुणगौरव लिहितील. तुम्ही खरं लिहा," असं म्हणाली. मी गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा माणूस, कर्जतहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. लिहिण्याची सवय नाही. पण 'खरं लिहा' हे ती ज्या सुरात म्हणाली, त्यानंतर नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

मी पोशीर या खेड्यातला, भातशेतीवाल्या घरातला. वसंता कर्जत गावातला, त्याचे वडीलही मास्तर. पाचवीत गुरुजींनी आम्हाला एका बाकावर बसवलं ते मी त्याच्यासारखं शुद्ध बोलायला शिकावं म्हणून. झालं उलटं. त्यानंच माझं 'हाय-नाय' उचललं आणि जन्मभर माझ्याशी तो तसाच बोलला, वर्गात मात्र तोंडातून एक अक्षर वाकडं जात नसे. सुट्टीत सगळी पोरं उल्हास नदीवर जायची. वसंता उंच खडकावरून डोहात सूर मारायचा आणि मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मी मुळातच घाबरट. विंचू, वीज, डॉक्टर, उंची, काहीही चालतं मला घाबरायला. तो मला 'भागूबाई' म्हणायचा, चारचौघांत, माझ्या लग्नातसुद्धा. मला राग यायचा नाही, कारण तो जवळ असला की भिण्याचं काम मी करावं आणि धीराचं त्यानं, अशी आमची वाटणीच होऊन गेली होती.

तो खालापूरला भूगोल शिकवायचा. रोज कर्जत ते खालापूर, जाऊन येऊन, स्वतःच्या गाडीनं. पांढरी, चौदा वर्षं जुनी गाडी. पुढे खडीचा डंपर असला तरी काचा उघड्या, कोपर बाहेर. "बंद डब्यात बसून काय भूगोल शिकवायचा रं?" असं वर मलाच विचारायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला खोकला लागला, तो जाईना. मग जिना चढताना मध्येच थांबून, कुणी बघितलं तर बुटाची नाडी बांधल्यासारखं करायला लागला. शेवटी पनवेलला तपासण्या झाल्या, आणि त्याच दुपारी तो गॅरेजवर आला. गाडीतून उतरला नाही. मीच हात पुसत काचेजवळ गेलो.

"फुप्फुसं कडक होत चाललीत म्हणं," तो म्हणाला.

"कशानं?"

"नक्की सांगत नाय. खडूनं असंल, धुळीनं असंल, उगाच पण असंल." मग म्हणाला, "सद्या, माझ्या गाडीला तो हवेचा फिल्टर बसतो का रं?"

त्याचे डोळे मी तेव्हा पाहिले. माझी भीती मला रोजची ओळखीची आहे, तिचं काही वाटत नाही. वसंताच्या डोळ्यांत ती मी पहिल्यांदाच बघितली. डोहात सूर मारणारा माणूस घाबरला, आता काठावर उभं राहून आपण करायचं काय...

त्याच्या गाडीत फिल्टरची जागा होती, फिल्टर नव्हता. त्या काळी पुष्कळ गाड्यांचं असंच असे. महाग मॉडेलला फिल्टर द्यायचे आणि स्वस्त मॉडेलला त्याच खाचेवर प्लास्टिकची पट्टी मारून ती बंद करायचे. डावीकडचा ग्लोव्ह बॉक्स उतरवला की मागे ती पट्टी दिसते. ब्लेडनं जपून कापायची, कडा घासायच्या, आणि बाणाची खूण बघून फिल्टर आत सरकवायचा. अर्ध्या तासाचं काम. गॅरेजमधली धूळ नको म्हणून वसंताला मी समोरच्या चिंचेखाली खुर्ची दिली होती. पण पट्टी कापली तेव्हा तो तोंडाला रुमाल लावून येऊन उभा राहिला. आतून मूठभर कचरा निघाला. चिंचेचा पाला, दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि तळाला पिठासारखी मऊ राखाडी धूळ. त्यानं ती बोटावर घेतली.

"ही चौदा वरसं माझ्या तोंडावर उडत होती का रं?"

मी फिल्टर सरकवला, कप्पा बसवला, ब्लोअर चालू करून दाखवला. निघताना त्यानं माझं मनगट धरलं. "तीन महिन्यांनी काढून दाखव. जसा निघंल तसा. घाबरवलंस तरी चालंल, पण फसवू नको."

मी "नाय फसवत" म्हणालो.

त्या तीन महिन्यांत एकदा आम्ही माथेरानला गेलो. तो, सीमावहिनी आणि मी. वर गाड्याच नाहीत, तिथली हवा तरी चांगली असेल, असा त्याचा हिशेब. दस्तुरीच्या वाहनतळावर गाडी लावली आणि चालायला लागलो. समोरून चार घोडे आले, त्यांच्या टापांनी लाल माती उडाली. वसंता थांबला. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. वहिनी नुसत्या "अहो, अहो" करत राहिल्या. मी त्याला धरून परत गाडीत आणला, काचा लावल्या, ब्लोअर पूर्ण सोडला. त्यानं पुढे वाकून तोंड थेट त्या जाळीसमोर नेलं आणि डोळे मिटून श्वास ओढायला लागला. डोंगरावर चहूकडे मोकळं रान, आणि माझा मित्र मी बसवलेल्या वीतभर कागदातून हवा मागत होता. मी देवाचं नाव घ्यायला लागलो, तेही मला धड आठवेना.

तीन महिन्यांनी तो ठरल्याप्रमाणे आला आणि चिंचेखाली बसला. मी कप्पा उतरवून फिल्टर ओढला... आणि झटकन वळून त्याच्याकडे पाठ केली. पांढरा घातलेला कागद काळा पडला होता. घड्याघड्यांत धूळ दाटलेली, मध्ये तेलकट पट्टे. मी हे काम आयुष्यभर केलंय, याहून वाईट फिल्टर शेकड्यांनी काढलेत. पण त्या क्षणी मला तो फिल्टर दिसलाच नाही, वसंताच्या छातीच्या आतलं दिसलं. हे ह्याला दाखवायचं? मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. रॅकवरून नवा घेतला. अगदी कोरा दिसला असता तर त्यानं ओळखलं असतं, म्हणून फरशीवर दोनदा आपटला, थोडी धूळ चोळली, आणि बाहेर नेऊन त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उजेडात धरला. फिरवला. कडेवरून अंगठा नेला. एक कोपरा बघितला, मग दुसरा. मी हसण्याचा प्रयत्न करत उभा होतो.

"बरा निघाला की रं," तो म्हणाला. फिल्टर परत देऊन बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग विचारलं, "भागूबाई, जेवलास का?"

मला वाटलं, जिंकलो. तोच फिल्टर मी गाडीत सरकवून दिला. त्यानंतर त्यानं गाडीच्या फिल्टरचं नाव काढलं नाही. पुढे घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, त्यालाही मागे एक छोटा फिल्टर असतो. दर रविवारी मी तो धुऊन, सुकवून द्यायचो. तो किती मळला होता हेही त्यानं कधी विचारलं नाही. नाकाला नळी लावलेली, एक वाक्य बोलायला तीन श्वास लागायचे, आणि त्यात तो मलाच बजावायचा, "हवेच्या गननं फिल्टरची धूळ उडवतोस... ते सगळं तुझ्या नाकात जातं रं. तोंड बांधत जा. छातीचा फोटो काढ." मी हो हो म्हणायचो. फोटो काढला नाही. कशाला काढू? त्यात काय निघेल याचीच मला धडकी भरते. रात्री साधा खोकला आला तरी मी उठून बसतो.

गेल्या आठवड्यात मृणाल गाडी घेऊन गॅरेजवर आली. आता तीच ती गाडी खालापूरला नेते. "काका, फिल्टर बघता का?" म्हणाली. मी कप्पा उतरवला. त्या दिवशी मी फरशीवर आपटलेला तोच फिल्टर, आता खराखुरा काळा झालेला. ती पाठीशीच उभी होती, लपवायला जागा नव्हती. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि काळ्या घड्यांकडे न बघता सरळ त्याची चौकट तिरकी केली. कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'पाहिले', आणि खाली वसंताची सही. मुलांच्या वह्या तपासल्यावर करायचा तशी.

"हे कधी केलं त्यानं?" मी विचारलं.

"तुम्ही दाखवलात त्याच संध्याकाळी. पहिल्यावर नुसती सही होती. तो तुम्ही बसवून दिलात त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कप्पा उघडून केली होती. परीक्षेत मुलं पुरवणी बदलतात ना, म्हणून बाबा प्रत्येक पुरवणीच्या कोपऱ्यात सही करायचे." तिनं फिल्टर माझ्या हातात परत दिला. "म्हणाले होते, सद्या घाबरेल आणि दुसराच दाखवेल."

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. एरवी मी शिडी कुणाला तरी धरायला लावतो. वर्तमानपत्र सोडलं, ओल्या फडक्यानं कोपरा पुसला. काळ्याखालून लाल सही वर आली.

म्हणजे चिंचेखाली बसून तो ती सही शोधत होता. ती सापडली नाही तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून त्याला काय कळायचं ते कळलं. मी खरा फिल्टर दाखवला असता तर आम्ही दोघं मिळून घाबरलो असतो. दोघांपैकी कुणीतरी एखादी शिवी दिली असती, कदाचित हसलोही असतो. मी खोटं बोललो, आणि त्याला एकट्यानं घाबरायला सोडून दिलं. वर मला वाईट वाटू नये म्हणून तो जेवणाचं विचारत बसला. त्यानं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली नाही.

खाली उतरलो. मृणालनं त्या फिल्टरवरची सही पाहिली. मी नवा काढला, बाण बघितला, सरकवणार तेवढ्यात तिनं पर्समधून लाल पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही करा, काका."

सही इतकी वाकडी आली की माझी मलाच ओळखू येईना. पण केली, आणि फिल्टर आत गेला. ती रोज जाते त्या रस्त्यावर डंपर अजून तसेच धावतात. तीन महिन्यांनी ती येईल, मी कप्पा उतरवेन, आणि जो निघेल तो वसंताच्या पोरीच्या हातात द्यावा लागेल. मला आत्तापासूनच भीती वाटते आहे.