अम्मावरु

म्हैसूरला धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका घरमालकिणीला अम्मावरु म्हणतात. आई गेल्या पावसाळ्यापासून मला अम्मावरु म्हणते.

तिने म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात जन्मभर लोकांची भांडी घासली. आमचे मराठी पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. “घोडा गेला, तलवार गेली, मिशी तेवढी उरली,” असं ती वडिलांना ऐकवायची आणि कामाला निघायची. त्या भांड्यांवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणालाही मान वर करून सांगते. शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा आधी आईची कामं बंद केली. पुढे याच सरस्वतीपुरममध्ये घर घेतलं. वास्तुशांतीला तिला पुढच्या दारानं आत आणलं, सोफ्यावर मधोमध बसवलं. ती नुसती हसत होती.

आता ती सोफ्यावर बसत नाही. मागच्या दाराशी, उंबऱ्याला टेकून, जमिनीवर बसते. कॉफी दिली तर कपातून पीत नाही. बाहेरच्या नळाजवळचा स्टीलचा लोटा आणते, त्यात ओतून घेते, पिऊन झाल्यावर विसळून पालथा घालते. कामवाल्या बाईसाठी वेगळा लोटा असतो, हे तिला अजून पक्कं आठवतं. मी तिची मुलगी आहे, हे मात्र आठवत नाही.

माझ्याशी ती कन्नडमध्ये बोलते. आयुष्यभर आम्हा मुलांशी तिची भाषा मराठी, आणि कन्नड बाहेरच्यांसाठी. “आई, मी गं,” म्हटलं की ती अदबीनं उभी राहते. “काम झालं, अम्मावरु. घरी जाऊ?”

एकदा ती खरंच गेली. बस स्टँडवर बेट्टदपुरची, म्हणजे तिच्या माहेरची, बस विचारत उभी असलेली सापडली. तेव्हापासून मी शाळेत जाताना गेटला कुलूप लावते. कुलपाचा आवाज दिवसभर माझ्या कानात असतो. फळ्यावर लिहिताना हात थांबतो.

दिवसभरासाठी एक बाई ठेवून पाहिली. आईने तिला आठवड्यात पळवून लावली. “माझं काम काढून घ्यायला आली का गं? मी काय मेले?” असं म्हणत तिच्या हातातला घासणीचा काथ्याच ओढून घेतला. ती बिचारी मला म्हणाली, “मॅडम, यांना सांभाळायला आले, की यांच्याशी स्पर्धा करायला?” मला हसू आलं. दार लावल्यावर रडू आलं.

पुण्याहून धाकट्या भावाचा रविवारी फोन येतो. तो वर्षाकाठी एकदा येतो, आंबे घेऊन. फोनवर त्याचा आवाज आला की आईच्या तोंडात मराठी फुटते, स्वच्छ, पूर्वीसारखी. “जेवलास का रे बाळा?” त्याला ती ओळखते. मी शेजारी तिची नखं कापत बसलेली असते.

एका रविवारी ती आवाज खाली घेऊन त्याला म्हणाली, “या अम्मावरु चांगल्या नाहीत रे. कोंडून ठेवतात. रजा देत नाहीत.”

नंतर त्याने मला विचारलं, “अक्का, तू आईला भांडी घासायला लावतेस?”

“घासलेलीच देते रे, पुन्हा घासायला. त्याशिवाय ती शांत बसत नाही.”

“पण लोक काय म्हणतील? त्यापेक्षा नोकरी सोड ना. आता कितीशी वर्षं राहिलीत तुझी?”

“तू सोड ना तुझी.”

“अय्यो अक्का, माझं वेगळं आहे.”

फोन ठेवला. ज्या नोकरीसाठी तिचे हात सोलून निघाले, ती सोडायची? आणि सोडून दिवसभर अम्मावरु म्हणून घ्यायचं? तेवढं माझ्याच्यानं होणार नव्हतं. वृद्धांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र जवळच होतं. तिथे आठवड्याभरात जागा मिळाली. आई तिथे रमली तर नोकरी टिकणार होती, नाहीतर नाही.

सोमवारी रिक्षा दारात आली. आई हलेना. “आई, चल ना गं. माझ्यासाठी चल.” विनवण्या केल्या, पाया पडले. ती उंबरा धरून बसली. “काम टाकून कशी जाऊ? अम्मावरु रागावतील.”

शाळेची वेळ होत आली. मी सरळ उभी राहिले आणि कन्नडमध्ये, लहानपणी मागच्या दारी उभं राहून ऐकलेल्या त्या बायकांच्या आवाजात म्हणाले, “आज रजा. जा तू.”

आईला मी पहिल्यांदाच कामवालीसारखं बोलले.

ती चटकन उठली. हात पदराला पुसले. चेहरा असा उजळला, की मला तो बघवेना. रिक्षात तर ती मोकळेपणानं बोलायला लागली. “माझी मुलगी शिकलेली आहे, अम्मावरु. शाळेत शिकवते. ती असती ना, तर मला असं कोंडू दिलं नसतं.”

मी बाहेर बघत राहिले. माझ्याविरुद्ध तिने मलाच उभं केलं होतं.

केंद्राच्या दारात तिने माझा हात धरला. “संध्याकाळी ती न्यायला येईल. तिच्यासमोर भांड्यांचं काढू नका हं. तिने सोडायला लावलंय मला.”

संध्याकाळी गेले तेव्हा ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर! कुणीतरी वेणी घालून दिली होती. मला बघून उठली, आणि माझ्या पाठीमागे, रस्त्याकडे, मान उंच करून पाहू लागली.

“मुलगी नाही आली?”

“कामात आहे,” मी कन्नडमध्ये म्हणाले.

“असणारच,” आई म्हणाली. “चला अम्मावरु. उद्या पण रजा द्याल?”

“देईन,” म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.