जिजीला खोटं जमत नाही

माझा धंदा ब्लाउज शिवायचा. पारोळ्यात घराच्या पुढच्या खोलीतच मशीन मांडलेलं आहे. माप द्यायला आलेली बाई नुसतं माप देऊन गेली, असं आजवर झालेलं नाही. ती बसते, पाणी पिते आणि एक किस्सा ठेवून जाते. मशीनखाली चिंध्या साचतात तसे हे किस्से साचलेत. त्यातही आमच्या लोनच्या गटाचे किस्से सगळ्यात जास्त. ते मी कितीतरी वर्षं हसत हसत सांगायचे. हल्ली सांगता सांगता मध्येच मशीन चालवायला लागते. आज सगळे सांगून टाकते.

*

आमच्या गटात एकाच गल्लीतल्या दहा जणी होत्या. दर मंगळवारी सकाळी नऊला लताअक्काच्या ओट्यावर मीटिंग. लताअक्का वयानं मोठी आणि आवाजानंही मोठी, म्हणून तीच प्रमुख. गहाण काही ठेवायचं नाही, जामीन म्हणून दहाही जणी एकमेकींना. हप्ता घ्यायला कंपनीचा साहेब यायचा. साहेब कसला, साक्रीकडचा कोवळा पोरगा, पाठीला बॅग! पण हप्ता घेणारा म्हणून साहेब.

मीटिंगच्या सुरुवातीला आम्ही उभं राहून शपथ घ्यायचो. त्यात एक वाक्य होतं, एकीची अडचण ती सर्वांची अडचण. आम्हाला ते फार आवडायचं. अडचण आली की नऊ जणी मदतीला येणार, असाच त्याचा अर्थ आम्ही धरून चाललो होतो.

*

लोन मिळायच्या आधी मोठे साहेब तपासणीला आले. कशासाठी कर्ज पाहिजे ते प्रत्येकीनं सांगायचं होतं. खरं कारण सांगणार कोण? कुणाला पोरीचं लग्न होतं, कुणाला छपरावर पत्रे टाकायचे होते. पण धंद्याचं काहीतरी सांगा, असं पोरगा साहेब आधीच सांगून गेला होता. इंदूनं छातीठोकपणे सांगितलं, "एक म्हैस आहे, दुसरी घ्यायची." मोठे साहेब म्हणाले, बघू जुनी म्हैस. इंदूच्या दोन खोल्यांत बकरीसुद्धा मावली नसती. तिनं त्यांना मागच्या आळीत नेलं आणि दुसऱ्याच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हशीनं शेपटी मारली ती थेट साहेबांच्या चष्म्यावर. कर्ज मंजूर झालं.

जे लिहून दिलं तेच आणलं, अशी दहा जणींत एकच निघाली, मंगल. तिनं घरघंटी लिहिली होती आणि घरघंटीच आणली. मग गल्लीतली सगळी दळणं तिच्याकडे जायला लागली. माझी ज्वारी तर ती माझ्या सवयीप्रमाणे जरा जाडसर दळून द्यायची, न सांगता.

*

मंगलचा नवरा टेम्पो चालवायचा. हायवेवर त्याच्या पायाचा चुरा झाला. रॉड टाकला, नोकरी गेली, नुसत्या दळणावर घर चालेना. मंगलचे दोन हप्ते चुकले आणि साहेब तिच्या दारात यायला लागला.

तिच्या सासूला अख्खी गल्ली जिजी म्हणते. मी जिजीला पढवायला बसले. साहेब आला की एवढंच म्हणायचं, मंगल घरात नाही, माहेरी गेली. म्हातारीनं चार वेळा पाठ म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी साहेब आला तेव्हा मी माझ्या खिडकीत कान लावून उभी. जिजी दारात आली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मंगल घरमा नही शे. माहेरले गई." मी मनात म्हटलं, शाब्बास! तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "बठ बेटा, मंगल च्या ठेवस."

चहा मंगलनंच आणून दिला. करते काय बिचारी! मी जिजीवर चिडले तर ती म्हणाली, खोटं बोलायचं तेवढं बोलले की. उन्हातून आलेल्याला चहा विचारायचा नाही, हे मात्र तिला जमणार नव्हतं.

*

मग साहेब दिवसभर मंगलच्या ओट्यावर बसून राहायला लागला. हप्ता मिळाल्याशिवाय ऑफिसात तोंड दाखवू नको, असं त्याला वरून सांगितलेलं. दुपारी जिजी त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढायची. वसुलीला आलेला माणूस कर्जदाराच्या घरी जेवतोय, हा नजारा बघायला आम्ही उगाच तिथून येजा करायचो.

एकदा तो जेवत असताना त्याचाच फोन वाजला. बघून पोरगा पांढराफटक पडला. त्याच्या मोटारसायकलचे हप्ते थकले होते आणि दुसऱ्या कंपनीचा वसुलीवाला त्याच्या मागे लागला होता. त्यानं हात जोडून फोन जिजीच्या हातात दिला आणि मी इथं नाही म्हणून सांगा, अशी खूण केली. जिजीनं फोन कानाला लावला. "साहेब आठे नही शे," ती म्हणाली. "जेवी राहिना."

इथं नाही, जेवतोय! आम्ही पोट धरधरून हसलो. मंगलही हसली होती. त्यानंतर ती हसलेली मला आठवत नाही.

*

पोरगा साहेब बदलला आणि जळगावहून दोन दांडगट वसुलीवाले आले. भर गल्लीत उभं राहून मंगलच्या नावानं ओरडायचे. लंगड्या नवऱ्याला काय काय बोलले ते मी इथं लिहिणार नाही.

माझ्याकडे ब्लाउज टाकणारी एक वकिलीणबाई आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, घाबरायचं नाही. आधी ओळखपत्र मागायचं, बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचं, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात उभं राहू द्यायचं नाही. आणि मुदत वाढवून मिळावी, हप्ता लहान व्हावा म्हणून ऑफिसात लेखी अर्ज द्यायचा, त्याच्या नकलेवर शिक्का घ्यायचा. मी मंगलकडून हे सगळं मशीनवर बसल्या बसल्या घोकून घेतलं.

पुढच्या खेपेला मंगल मोबाइल हातात धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आधी ओळखपत्र दाखवा." एकानं पाकीट चाचपून एक कार्ड पुढे केलं. ते जिमचं निघालं! इंदू तेवढ्यात म्हणाली, पैसे भरलेत का याचे? गल्ली हसली आणि ते दोघं निघून गेले.

मंगलनं अर्जही दिला. शिक्का मारलेली नक्कल तिनं मला आणून दाखवली आणि म्हणाली, ताई, आता दोन महिने श्वास घेता येईल. मला फार बरं वाटलं. खरंच वाटलं होतं.

*

पण त्याच आठवड्यात मंगळवारच्या मीटिंगला, त्या पोराच्या जागी आलेल्या नव्या साहेबानं शांतपणे सांगितलं, मंगलबाईंचा अर्ज त्यांच्यापाशी. गटाचा हप्ता पूर्ण येत नाही तोवर बाकी कोणाचं पुढचं लोन निघणार नाही. ना शिवीगाळ, ना आरडाओरडा. चहासुद्धा घेतला नाही.

माझं पिको-फॉलचं मशीन ठरलेलं होतं. दिवाळी तोंडावर, साड्यांचे गठ्ठे येऊन पडलेले. इंदूचं काहीतरी होतं, लताअक्काचं काहीतरी होतं. दोन दिवस आम्ही कुजबुजलो आणि तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जणी मंगलच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आमच्याकडे ती कुठलं ओळखपत्र मागणार होती? मोबाइल तिच्या हातात होता, पण तिनं रेकॉर्डिंग लावलं नाही. आत गेली आणि नऊ कप चहा करून आणला. आम्ही तो प्यायलो. साखर कमी पडली, असं इंदू बोललीसुद्धा. आम्ही दुपारपर्यंत तिथंच बसून होतो. कधी मिळतील, माहेरून आण, पोत विक, असं एकेक जण बोलत होती. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

हा किस्सा सांगताना मी पूर्वी साखरेपाशी थांबायचे. लोक हसायचे.

*

घरघंटी उचलायची कल्पना कोणाची, असं आता कोणी विचारलं तर सगळ्या म्हणतात, आठवत नाही. मला आठवतं. कल्पना माझी होती. आपण नऊ जणी मिळून तिचं भरू आणि तोवर घरघंटी ठेवून घेऊ, असं मी म्हटलं. कर्जातूनच आलेली वस्तू आहे, असंही म्हटलं. फार समजूतदारपणे म्हटलं.

हातगाडी आणली. चौघींनी घंटी धरली. जिजी मध्ये मध्ये येत होती, उंबऱ्याला बोटं चेंगरतील, सांभाळा म्हणत होती. आमची बोटं! मंगल भिंतीला टेकून उभी होती. घंटी दाराबाहेर आली तशी ती पुढं झाली. मला वाटलं आता ही अडवणार, शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली वाकली, घंटीतून पिठाचा डबा काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ताई, यामा तुमनं दळण शे. लई जा."

सकाळीच टाकून गेले होते मी. ज्वारीचं पीठ, जाडसर. ते मी घरी नेलं. चार दिवस त्याच्या भाकरी आम्ही खाल्ल्या, टाकवेना म्हणून.

*

लोन निघालं. माझं पिकोचं मशीन आलं. ते छान चालतं, दृष्ट लागण्यासारखं. घरघंटी त्याच्या शेजारी, जुन्या साडीखाली. दोन महिन्यांत मंगलचं बिऱ्हाड धुळ्याला गेलं. नवऱ्याला तिकडे एका गोदामावर बसून करायची राखणदारी मिळाली होती. जाताना ती सगळ्यांकडे निरोप घ्यायला गेली, माझ्याकडे मात्र आली नाही.

गल्लीला आता दळण घेऊन पार स्टँडपर्यंत जावं लागतं. बायका मला म्हणतात, सुनंदाताई, तुझ्याकडे घंटी आहे ना, चालू कर की. मी म्हणते बिघडली आहे. खोटं बोलायला मला कधीच अडचण आली नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात मात्र राहवेना. लताअक्काला म्हटलं, चल, देऊन येऊ. तिचे पैसे केव्हाच फिटले, थोडे थोडे करून तिनं तुझ्याकडे पोहोचवले, मग वस्तू आपल्याकडे का? अक्का म्हणाली, मी म्हणणारच होते. सगळ्याच म्हणणार होत्या बहुतेक.

टेम्पो केला. घंटी मी स्वतः पुसली, जाळी ब्रशनं घासली, डब्यात पाच किलो ज्वारी भरली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं, बाकी काही नाही. पदराला घाम पुसून पुसून पदर ओला झाला.

धुळ्यात पत्ता शोधायला तास गेला. ऊन मी म्हणत होतं. एका चाळीच्या टोकाला घर सापडलं. दारात मंगलच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा माझ्याच मशीनवर शिवून दिलेला, तो टाका मी कुठेही ओळखेन. आत कपबशीचा आवाज झाला. आलं घातलेल्या चहाचा वास बाहेरपर्यंत येत होता.

मी कडी वाजवली. आतला आवाज थांबला. बऱ्याच वेळानं दार उघडलं ते जिजीनं. ती थकली होती, पण तिनं मला लगेच ओळखलं. माझ्याकडे बघितलं, लताअक्काकडे बघितलं, मागं टेम्पोत दोरीनं बांधलेल्या घंटीकडे बघितलं. मग दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"मंगल घरमा नही शे," ती म्हणाली. "माहेरले गई."

मी तिथंच उभी राहिले, पुढच्या वाक्याची वाट बघत.