चनबसप्पाची करंगळी

कुंभारीचा चनबसप्पा सोलापूरच्या लोकोशेडमध्ये फिटर होता आणि रेल्वेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. १९७४ साली भारताच्या संघात त्याचं नाव आलं, तेव्हा शेडमधल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत नाचवलं. स्पर्धा बँकॉकला होती आणि तो राखीव कीपर होता.

निघायच्या दोन दिवस आधी सरावात तो चेंडूवर झेपावला आणि उजव्या हाताची करंगळी गोलच्या खांबावर आपटली. काडकन आवाज झाला. तो त्यानं एकट्यानंच ऐकला.

घरी बायकोनं, नागव्वानं, ताटावरच ओळखलं.

"बोट वर धरून का जेवताय? बघू." करंगळी वांग्यासारखी सुजली होती. "डॉक्टरला दाखवा की."

"दाखवलं तर हितंच राहीन. कुणाला बोलू नको."

"आन् चेंडू आला तर?"

"राखीव हाय मी. मला कुठला चेंडू येतोय?"

संघात त्यानं बोट मुरगळलंय म्हणून सांगितलं. दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधली आणि दात आवळून सराव केला. पहिले दोन सामने बाकावर बसून गेले. तिसऱ्याच्या सकाळी मुख्य कीपर तापानं फणफणला. कोच म्हणाले, "आज तू."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण भारताची जर्सी अंगावर चढली आणि तो तसाच मैदानात उतरला.

विसाव्या मिनिटाला एक साधा फटका आला. हात बरोबर जागी गेले, पण बोटातून अशी कळ निघाली की पंजा आपोआप उघडला. चेंडू काखेखालून जाळीत गेला. बेळगावचा बचावपटू शिवप्पा जवळ येऊन कन्नडमध्ये म्हणाला, "जाऊ दे, डोळ्यांवर ऊन आलं असंल." ऊन तर पाठीमागं होतं.

मध्यंतराला सगळे बसून पाणी पीत होते. कुणी त्याला दोष देईना, आणि तेच त्याला सोसवेना. त्यानं पट्टी सोडली आणि काळंनिळं बोट कोचसमोर धरलं.

"सोलापुरातच मोडलंय, सर. मी लपवलं."

"आणि आता सांगतोस?" कोच ओरडले. दुसरा कीपर तर खोलीवर तापात पडलेला. शिवप्पा म्हणाला, "यालाच राहू द्या. उजव्या बाजूला मी चिकटून राहतो."

पुढची पंचेचाळीस मिनिटं संपता संपेनात. शिवप्पा उजवीकडून कुणाला नीट फटकाच मारू देईना. तरी निसटून आलेले चेंडू चनबसप्पा मुठीनं, छातीनं, एकदा तर तोंडानंच परतवत राहिला. ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी झाली. अगदी शेवटी समोरच्या संघाचा एक आघाडीचा खेळाडू सगळ्यांना चुकवून एकटा धावत आला. चनबसप्पानं सरळ त्याच्या पायांवर अंग टाकलं. चेंडू पोटाशी आवळून तो पडून होता तेव्हा शिट्टी वाजली. सामना एक-एक.

कोचनी अहवालात सगळं लिहिलं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

"एवढं लपवलं, मग सांगितलं कशाला?" नागव्वानं विचारलं.

"धा जण जीव तोडून पळत होते की. मागं कोण हुबा हाय, त्यास्नी कळायला नको?"

बोट वाकडंच बसलं. तसाच तो रेल्वेकडून १९७९ पर्यंत खेळला. शेडमध्ये कुणी बँकॉकचं विचारलं, की तो आधी आपल्या हातून सुटलेला गोल सांगायचा, मग बाकीचं.