अक्कांनी दिलेले मूत्रपिंड

नाना गेल्याचा फोन धुळ्याहून आला, तेव्हा मी अमळनेरला घरी एका तक्रारअर्जाची पक्की प्रत काढत होतो. ती पूर्ण करूनच उठलो... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

नाना एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक आणि माझा शेजारी. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा पारोळ्याच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, आपले एक दिले. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याला हुसकावतात आणि हे मूत्रपिंड त्यांना परकेच वाटणार. म्हणून जन्मभर गोळ्या घेऊन त्या पेशी दुबळ्या ठेवायच्या. मग साधा खोकलाही जिवावर बेतू शकतो. कोर्टात अर्ज-दावे लिहीत अर्धे आयुष्य काढलेल्या मला याचा संताप आला. सख्ख्या बहिणीचे बक्षीसपत्र, आणि शरीराला ते मान्य नाही!

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. खोकणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवू लागलो, भाऊबंदांना लेखी ताकीद दिली. नानाचा चुलता भडकला, "आबा, हाई घर शे का कोरट?" आतून नाना हसत ओरडला, "काका, तारीख घ्या आणि मग या!"

या हिवाळ्यात अक्कांचे यजमान वारले. आमच्याकडे भावाने बहिणीच्या दारावर, म्हणजे सांत्वनाला, जायलाच हवे. पण तिथे ओट्यापासून माजघरापर्यंत माणसे दाटलेली असणार. अक्कांनीच निरोप धाडला, "नाना, तू येऊ नको. मन्हं दियेल सांभाळ."

"देणारणीचीच मनाई आहे," मी बजावले. नाना सदरा घालत होता. "आबा, जिने कूस चिरून दिली तिच्या दारावर मी जाऊ नको?... तुमच्या कलमात बसत नसेल तर राहू द्या."

तो पारोळ्याला जाऊन आला. आठवड्याभरात खोकला धरला. ताप मात्र चढला नाही; ताप चढवून वर्दी देणाऱ्या पेशीच गोळ्यांनी दबलेल्या होत्या. ताप नाही म्हणून घरात कोणी मनावर घेतले नाही. धुळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत फुप्फुसे भरली होती.

फिर्याद कोणावर करावी? रूढीला प्रतिवादी करता येत नाही. शेवटी मी पारोळ्याला गेलो आणि अक्कांपुढे न राहवून बोललो, "तुम्ही मनाई केली होती. ती त्याने मोडली."

अक्कांनी ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. त्या दिवशी नाना गर्दीत तिथेच मांडी घालून बसला होता. "आबा, मी येऊ नको सांगं खरं," त्या म्हणाल्या, "पन मन्हा डोया दारकडेच लागेल व्हतात..."

मी उठलो. ओट्यावरून उतरताना त्या कोपऱ्यावर पाय पडू दिला नाही.